जिथं नांगर वळून जायचा

विज्ञानाच्या क्षेत्रातली माझी पहिली कामगिरी म्हणजे कावळे हाकलणं. सांगलीला विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजच्या गच्चीवर मॅडमनी एक भलीमोठी स्टीलची परात ठेवली होती, लग्नघरी पन्नास माणसांची कणीक मळावी एवढी. तिच्यात पडलेलं पावसाचं पाणी दर सोमवारी खाली प्रयोगशाळेत आणायचं, मंद आचेवर आटवायचं आणि तळाला जो चिमूटभर गाळ उरेल तो डबीत भरून मॅडमच्या हवाली करायचा, एवढंच माझं काम. कावळ्यांची मात्र पक्की समजूत होती की परात त्यांच्या अंघोळीसाठी आहे. मी काठी घेऊन गच्चीत उभा, खालून मुली लेक्चरला चाललेल्या, आणि त्यातली एखादी वर तोंड करून विचारणार, "काय रे, पेरणी केलीस का वर?" एम.एस्सी.ला प्रवेश घेतलेला माणूस होतो मी. वडूजच्या पलीकडच्या आमच्या वस्तीवरचा पहिलाच. वस्तीवर मेंढरं राखली असती, इथं पाणी राखत होतो, एवढाच काय तो फरक पडला होता.

मॅडम आम्हाला भौतिकशास्त्र शिकवायच्या. पस्तिशीच्या, सडसडीत, आवाज कधीच न चढवणाऱ्या. त्या प्रबंध लिहीत होत्या आणि मदतीला त्यांनी अख्ख्या वर्गातून मला निवडलं होतं, ते मी हुशार म्हणून नव्हे, तर खटावच्या कोरड्या भागातला म्हणून. हे मला बरंच नंतर कळलं, तोवर मी छाती काढूनच फिरत होतो. विषय त्यांनी मला पहिल्या दिवशी समजावून दिला. माझ्या जन्माच्या आधी मोठमोठ्या देशांनी उघड्यावर अणुबॉम्ब फोडून पाहिले. त्याची धूळ पार वर गेली, पृथ्वीभोवती फिरली आणि मग वर्षानुवर्षं पावसाबरोबर खाली येत राहिली. रशियात, अमेरिकेत, पाचगणीत, आणि आमच्या वडूजलाही. आमच्याकडे पाऊस कमी म्हणून धूळही कमी, पण आली. अजूनही येते का, ते बघायला गच्चीवरची परात. त्या धुळीत सीझियम नावाचं एक द्रव्य असतं. ते मातीच्या कणाला एकदा चिकटलं की सोडत नाही. माती जिथं राहिली तिथं ते राहिलं, माती वाहून गेली तिथून तेही गेलं. "म्हणजे एखाद्या शेतातली किती माती गेली ते मोजता येतं," मॅडम म्हणाल्या. "फक्त एक जागा अशी हवी, की जिथली माती कुणी कधी हलवलेलीच नाही. बाकीची शेतं तिच्याशी ताडून बघायची." मी मान डोलावली. त्यातलं पाचगणी तेवढं मला नीट कळलं होतं.

यंत्र तळमजल्यावरच्या एका कोंदट खोलीत होतं. शिशाच्या जाडजूड विटांचं देव्हाऱ्याएवढं घर, त्यात डबी ठेवायची, दार लावायचं, आणि मग एकेका डबीतून काय किरण निघतात ते यंत्र दोन-दोन दिवस ऐकत बसायचं. त्याला सतत थंड ठेवावं लागे. त्यासाठी लागणारा द्रवरूप नायट्रोजन आमच्या माहितीत एकाच ठिकाणी मिळे, जिथं गाई-म्हशी भरवण्यासाठी वळूंचं वीर्य गोठवून ठेवतात तिथं. ती वाफाळणारी टाकी गुडघ्यांत धरून मी दर आठवड्याला रिक्षातून यायचो. रिक्षावाला ठरलेला. "आज कुठला वळू?" तो विचारायचा. मी अणुविज्ञान सांगायला लागलो की म्हणायचा, "आसू दे रं गड्या, लाजायचं काय त्यात."

त्या यंत्रावर माझी जी श्रद्धा बसली, तिला माझाच एक गाढवपणा कारण झाला. एका सोमवारी परात खाली आणताना जिन्यात माझा पाय सटकला आणि निम्म्याहून जास्त पाणी पायऱ्या उतरून प्राचार्यांच्या दारापर्यंत गेलं. मी इकडेतिकडे पाहिलं, शांतपणे परात नळाखाली धरली आणि जेवढं सांडलं तेवढं भरून घेतलं. नळाला येतं ते कृष्णेचं आणि कृष्णेत येतं ते पावसाचंच, पाणी ते पाणी, अशी मनाची समजूतही घातली. पंधरा दिवसांनी मॅडमनी बोलावलं. कागदावरून नजर न उचलता म्हणाल्या, "वरच्या हवेत तयार झालेलं एक द्रव्य ताज्या पावसात असतं. नळाला येईपर्यंत ते उरत नाही. या डबीत ते निम्म्याहून कमी आहे. कुठं सांडलंस?" कुठल्या पायरीवर सांडलं एवढंच यंत्रानं सांगायचं ठेवलं होतं. त्या दिवसापासून मी मित्रांत, खानावळीत, एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगायला लागलो की यंत्र खोटं बोलत नाही. नवीन नवीन देवभक्त झालेला माणूस जसा पिडतो तसा मी पिडत होतो.

जेवायला मी काकूंच्या खानावळीत जायचो. वाऱ्याची दिशा बदलली की हळदीच्या बाजारातून वास यायचा आणि साधं वरणही जास्तच पिवळं वाटायचं. काकूंच्या मागल्या दारी डालड्याच्या डब्यात कढीपत्त्याचं एक मरतुकडं रोप होतं. मातीचे नमुने वाळवून, कुटून, चाळून घेतले की चाळणीत बारीक खडे आणि मुरूम उरायचा, तो फेकून द्यायचा असे. मी तो कागदात बांधून काकूंना नेऊन द्यायचो. "तुझ्या खड्यांनी धरलं बघ रोप," काकू म्हणायच्या आणि माझ्या आमटीत दोन पानं जास्त पडायची. एवढं लक्षात असू द्या. माझ्याही ते फार नंतर लक्षात आलं.

आमची वस्ती म्हणजे चार खणांचं घर, पुढे मेंढरांचा वाडा आणि सभोवार बाजरीची हलकी रानं. आजोबांपर्यंत आमची माणसं वर्षातले आठ महिने मेंढरांमागे फिरायची. आबा, म्हणजे माझे वडील, निम्मे शेतकरी झाले होते. दिवाळी झाली की तेही मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागायचे, पण तोवर रानात असायचे. त्या घराचे आवाज मला अजून झोपेत येतात. संध्याकाळी कोकरं आयांना सोडली की दोन्हीकडून उठणारा गलका, आणि प्रत्येकाला आपापली सापडली की एकदम पडणारी शांतता. आईचा भाकरी थापण्याचा आवाज. चुलीवर हुलग्याचं माडगं रटरटत असायचं, त्यात ठेचलेल्या लसणाचा वास. आता माझी सून ते मिक्सरमध्ये करते, चांगलं करते, पण ते रटरटत नाही. आबांच्या घोंगडीचा वास माझ्या सदऱ्याला इतका असायचा की सांगलीत पहिले सहा महिने माझ्या बाकावर कुणी बसत नव्हतं. मला वाटायचं, आपला दरारा आहे.

मॅडमना न हललेली जागा हवी होती आणि ती आमच्याकडे होती. बांधाच्या कडेला, आठ-दहा पावलांचा एक तुकडा. त्यावर कायम गवत, मधे एक चपटा दगड. मेंढरं तिथं चरायची, पण नांगर आला की बाजूनं वळून पुढे जायचा. बैलांनाही सवय झाली होती, कासरा न ओढता आपणहून वळायची. मी लहानपणापासून ते पाहत आलो होतो आणि ते का, हे मी कधीही विचारलं नव्हतं. आता मी विचारलं ते शास्त्रीय पद्धतीनं, गणपतीच्या सुट्टीत, चुलीपुढं बसून.

"आई, बांधाकडच्या त्या तुकड्याला कधी नांगर लागलाय का?"

"न्हाई," आई म्हणाली. तिची पाठ माझ्याकडे होती.

"कधीच न्हाई?"

"तू जन्मायच्या आदीपास्नं न्हाई. का रं?"

"कॉलेजला पायजे."

"जिमीन?"

"जमीन न्हाई, माती. थोडीशी."

"मग ने की कुठलीबी," आई म्हणाली. "हितं मातीला काय तोटा हाय व्हय?"

मी खिशातून मॅडमचा छापील अर्ज काढला आणि 'स्थानिक साक्ष' या रकान्यात लिहिलं, 'वीस वर्षांहून अधिक काळ जागा अस्पर्शित.' अस्पर्शित हा शब्द मला फार आवडला होता. खाली आईचा अंगठा घेतला नाही एवढंच.

दुसऱ्या दिवशी वडूजचा बाजार. आई बाजारला गेली, आबा मेंढरांमागे, आणि मी सांगलीच्या लेथवाल्याकडून धार लावून आणलेला लोखंडी पाइप घेऊन त्या तुकड्यावर गेलो. पावसानं जमीन ओली होती. चपट्या दगडाचा आधार घेऊन, त्याच्यावर एक पाय ठेवून घण घातले. पाइप हातभर आत गेला, लोण्यात जावा तसा. आमच्या रानात वीतभर खाली मुरूम लागतो, हे मला ठाऊक होतं. तरी तो इतका सहज कसा गेला, याचं नवल मला वाटलं नाही, उलट स्वतःच्या दंडाचं कौतुक वाटलं. पाच-पाच सेंटिमीटरचे आठ तुकडे पाडले, पिशव्यांत भरले, चिठ्ठ्या लावल्या. राहिलेल्या भोकात बांधाची माती ढकलली आणि ती नीट बसावी म्हणून वर उभा राहून दोन उड्या मारल्या. त्या दोन उड्या मी आजवर कुणाला सांगितलेल्या नाहीत.

संध्याकाळी आई पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून आली. त्या तुकड्याजवळून ती नेहमी जायची तशी, मान सरळ ठेवून, न थांबता गेली. पण दारात आल्यावर म्हणाली, "तिथं कुणी खणलं?"

"मी. मातीचा नमुना घेतला."

"किती खणलं?"

"हातभर."

तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. "तुज्या हातानं का माज्या?"

"माझ्या."

"व्हय," ती म्हणाली आणि पाटी उतरवली. त्या दिवशी भाकरी करपल्या. आईच्या हातच्या भाकरी करपलेल्या मी तेवढ्याच पाहिल्या. मी म्हणालो, "बाजारात दमलीस वाटतं."

सांगलीला आल्यावर माती वाळवली, चाळली, खडे काकूंच्या डब्यात गेले. आठ डब्या महिनाभर बंद ठेवून मग एकेक यंत्रात. न हललेल्या जमिनीचं चित्र कसं असतं हे मला पाठ होतं. आभाळातून आलेलं सगळं वरच्या चार-सहा बोटांत अडकलेलं असतं, खाली जाऊ तसं कमी, आणि वीतभर खाली जवळपास काहीच नाही. मॅडमनी आलेख माझ्यापुढे ठेवला तेव्हा ती रेघ उतरतच नव्हती. पहिल्या डबीत जेवढं, पाचवीत तेवढंच, आठवीत उलट किंचित जास्त. कुठं चढ नाही, कुठं उतार नाही.

"ही जमीन कुणीतरी खणून पुन्हा भरली आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि धूळ पडून गेल्यानंतर. तू लिहून दिलं होतंस."

"आई खोटं बोलणार नाही, मॅडम."

"मी तसं म्हटलं का?" त्यांनी आठवी डबी उचलली. "हिला परत लावते. पण ही जागा नसेल तर माझ्याकडे ताडून बघायला काही नाही. सगळी शेतं मोजून झाली आहेत आणि ती मोजून उपयोग नाही. दोन महिन्यांत मला प्रबंध द्यायचा आहे." हे त्या बसचं वेळापत्रक सांगावं तशा बोलल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी शोध लावायला निघालो. दिवाळीची सुट्टी, पिशवीत आलेखाची गुंडाळी, आणि डोक्यात तीन संशयित. एक, मुरूम चोरणारा शेजारी. दोन, गुप्तधन शोधणारा कुणी मांत्रिक. तीन, आजोबा, ज्यांनी सोनं पुरलं असेल आणि मरताना सांगायचं विसरले असतील. तिसऱ्यावर माझी जास्त मदार होती. घरी पोचलो, जेवायला बसलो, आणि ताटाशेजारी आलेख पसरला. एका टोकावर मिठाची वाटी ठेवली, दुसऱ्यावर तांब्या. आबा डोळे बारीक करून बघत होते. त्यांना कागदाचं अप्रूप होतं.

"हे बघा आबा," मी म्हणालो, "ही रेघ अशी खाली यायला पायजे. आलीच न्हाई. म्हणजे तिथं कुणीतरी मोठा खड्डा घेतलाय. बॉम्बची धूळ पडल्यावर. माझ्या जन्माच्या आधी दोन-चार वर्षं धरा. आता खरं सांगा, म्हाताऱ्यानं तिथं काय पुरलंय? सोनं हाय का? यंत्र खोटं बोलत न्हाई."

आबांनी ताटातच हात धुतला. निम्मी भाकरी तशीच होती. खुंटीवरची घोंगडी घेतली, "कोकरं सोडायची हायती," म्हणाले, आणि गेले. कोकरं केव्हाच सोडून झाली होती.

आई चुलीतलं लाकूड मागं ओढत होती. "सोनं न्हाई रं," ती म्हणाली. "पोर हाय तिथं. थोरली. तुज्या आदीची."

मी आलेखाकडे बघत होतो. मिठाची वाटी रेघेच्या सुरुवातीवर होती.

"सा म्हयन्याची हुती," आई म्हणाली. आवाज कालवणात मीठ किती हे सांगतानाचा. "ताप भरला. वडूजला न्यायला गाडी जुपली. अर्ध्या वाटंतनं माघारी आणली. लय ल्हान हुती, जाळत न्हाईत अशांस्नी. तुज्या आबानं खणलं, मी घिऊन हुबी हुते. कमरंइतकं खणलंय. म्हनून इचारलं तवा तुला, किती खणलं म्हनून."

यावर माणसानं काहीतरी बोलावं. जन्मभर मी बोलूनच पोट भरलं, मास्तरकी केली, सभा गाजवल्या, मयतीच्या घरीसुद्धा मी चार माणसं हसवलेली आहेत. त्या वेळी मी जे बोललो ते शब्दाला शब्द आठवतं. मी म्हणालो, "मग यंत्र बरोबर हाय."

आई म्हणाली, "व्हय."

मग मी आणखी माडगं मागितलं आणि तिनं वाढलं. मी ते संपवलं. मला दुःख झालं, अंगावर काटा आला, असं काही लिहिता आलं असतं तर हे प्रकरण जरा बरं झालं असतं. तसं काही झालं नाही. दातांच्या डॉक्टरानं सुई दिल्यावर गाल असतो ना, आपलाच असतो, हातानं चाचपला तर हाताला लागतो पण गालाला कळत नाही, तसं अंगभर झालं होतं. तीन-चार आठवडे ते तसंच राहिलं. मी हसायचो, बोलायचो, परातीवरचे कावळे हाकलायचो.

सकाळी निघताना आई दारापर्यंत आली. "ती माती कुठं हाय आता?"

"सांगलीला. डब्यांत."

"काय करत्यात तिचं?"

"कपाटात ठेवत्यात."

"कपाटात," ती म्हणाली. "माघारी आणता यील का?"

माझ्या आईनं माझ्याकडे काही मागितल्याचं मला त्याआधी आठवत नाही आणि नंतरही नाही. मी "बघतो" म्हणालो. कारकुनानं म्हणावं तसं.

मला नियम माहीत होता. परीक्षक तपासून जाईपर्यंत एकही नमुना बाहेर द्यायचा नाही. जागा बाद झाली तरी का बाद झाली हे दाखवायला डब्या लागतातच. मॅडमपुढे उभा राहिलो आणि चार वाक्यांत सगळं सांगून टाकलं, उड्या सोडून. त्यांनी ऐकून घेतलं. मग उठल्या, यंत्राच्या खोलीत गेल्या. आठवी डबी पुन्हा मोजायला लावलेली होती, अजून दिवसभराचं काम बाकी होतं. त्यांनी मोजणी मधेच बंद केली. असं त्या कधी करत नसत. शिशाचं दार उघडून डबी बाहेर काढली, पदरानं पुसली, आणि कपाटातल्या सात तिच्याशेजारी आणून ओळीनं ठेवल्या. नोंदवहीत त्या जागेपुढे लिहिलं, 'नमुना मूळ जागी परत.' कारणाचा रकाना रिकामा ठेवला.

"परीक्षकांना काय सांगणार, मॅडम?"

"विचारलं तर सांगेन," त्या म्हणाल्या. "तू गाडी बघ."

दोन महिन्यांचं वर्ष झालं. डोंगरावरच्या देवळामागचं एक कुरण आम्हाला पुढल्या पावसाळ्यानंतर मिळालं आणि प्रबंध पुरा झाला. उशीर कुणामुळे झाला, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. एवढंच केलं की त्या छापील अर्जावर, 'स्थानिक साक्ष' च्या खाली, स्वतःच्या हातानं एक प्रश्न वाढवला: 'या जागेत कुणाला ठेवलं आहे का?' तो प्रश्न मी नंतर सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी बांधांवर कितीतरी म्हाताऱ्यांना विचारला. बरेच जण पटकन नाही म्हणायचे. काही जण आधी माझ्याकडे बघायचे आणि मग दुसरी जागा दाखवायचे.

डब्या पिशवीत भरल्यावर मला खडे आठवले. खानावळीच्या मागल्या दारी गेलो. कढीपत्ता चांगला हातभर वाढला होता, तुकतुकीत. "काकू, हा डबा मला द्या."

"अगोबाई. दिलेली माती परत मागणारा तू पहिलाच," काकू म्हणाल्या. "आणि आमटीत उद्यापासून काय घालू, तुझी नोंदवही?"

"आईला पाहिजे आहे."

"आईला होय," त्या म्हणाल्या. "मग ने. वाटेत वारा लागू देऊ नकोस त्याला." त्या आमटीतली पानं दोन महिने मीच जास्त खाल्ली होती. वडूजपर्यंत डबा मांडीवर होता. कंडक्टरनं विचारलं, "रोपाचं तिकीट काढायचं का?" नेहमीचा मी असतो तर त्याला चार सुनावले असते. मी पैसे पुढे केले. तोच ओशाळला.

आबांनी कोकणाला जाणं चार दिवस पुढे ढकललं होतं. ते स्वतः खोरं घेऊन आले, मी ढकललेली बांधाची माती भोक जरा रुंद करून काढली, बाजूला टाकली आणि दगडाला पाठ करून उभे राहिले. आई बसली. मी तिच्यासमोर बसलो आणि डब्या उलट्या क्रमानं मांडल्या. सगळ्यांत खालची आधी. चिठ्ठी वाचली, "पस्तीस ते चाळीस." तिच्या हातात दिली. तिनं ओतली. "तीस ते पस्तीस."

"असं कशाला?" आई म्हणाली. "माती ती माती."

"न्हाई आई. जशी हुती तशी."

तिनं मान हलवली. मग मी आकडा म्हणेपर्यंत ती थांबायची आणि आकडा ऐकून मगच ओतायची. माती चाळून पिठासारखी झाली होती, ओतताना थोडी उडायची. "किती बारीक केलीस रं," ती एकदा म्हणाली. पुढे कधीतरी, चौथ्या की पाचव्या डबीला, तिनं विचारलं, "ते आबाळातनं आल्यालं, ते हाय अजून ह्यात?"

"हाय. तीस वर्षांत निम्मं हुतं."

"निम्मं," आई म्हणाली आणि पुढच्या आकड्याची वाट बघत राहिली.

शेवटची, शून्य ते पाच, ओतली तरी खड्डा वीतभर रिकामा राहिला, कारण भोक रुंद झालं होतं आणि खडे काढून घेतलेले होते. मी डालड्याचा डबा पुढे केला आणि म्हणालो, उरलेलं ह्यात हाय. आईनं रोपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. डबा आडवा करून मातीच्या गोळ्यासकट रोप तसंच खड्ड्यात बसवलं. दोन्ही तळव्यांनी भोवतीची माती दाबली. पीठ दाबतात तशी, हळू. आबा म्हणाले, "दगड जरा सरकिवतो. मुळ्या धरत्याल." तेवढंच ते बोलले.

मी त्या पोरीचं नाव विचारलं नाही. आई बारशाचं बोलली नव्हती, पण सहा महिन्यांच्या मुलीला नाव असतंच. आईला विचारायला पुढे तीस वर्षं मिळाली मला, आबांना त्याहून कमी. दर दिवाळीला ठरवायचो. डब्यांवरचे आठही आकडे मला पाठ आहेत, नाव माहीत नाही. आता आमच्या रानात कॅनॉलचं पाणी आलं आहे, पुतण्यानं द्राक्षं लावली आहेत. मध्यंतरी जेसीबी लावून सगळं सपाट केलं तेव्हा ड्रायव्हरनं विचारलं, हे झाड मधे येतंय, काढू का. पुतण्या म्हणाला, वळवून घे. का, ते त्यालाही माहीत नसावं. मी अजून सांगितलेलं नाही.

त्या रोपाआधीच्या वीस-बावीस वर्षांत आईला मी त्या जागेपाशी थांबलेलं एकदाही पाहिलं नव्हतं. रोप लावल्यावर ती रोज सकाळी तांब्या भरून तिकडे जायची. परत यायला वेळ लागायचा. कधी तिथंच दगडावर बसून तांदूळ निवडायची. एका श्रावणात आठ दिवस झड लागली होती, रानात पाऊल रुतत होतं, आणि ती डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, भरलेला तांब्या हातात धरून निघाली. आबा दारातून म्हणाले, "आगं, आज कशाला? पाऊस पडतोय की वरनं."

"पडू दे की," आई म्हणाली. "झाडाला पाणी नगं व्हय?"